वाढते वय आणि घरची अंगमेहनत

(शीव कोळीवाडा, मुंबई येथे राहणाऱ्या कोकणातील ग्रामस्थांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. गावी शेती-वाडी पाहणाऱ्या वाचकांनाही तो उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.)

शेतकरी बंधू-भगिनींनो,

'शेतकरी' म्हटल्यावर मागच्या रांगेतून हसू ऐकू आले. आपण राहता शीव कोळीवाड्यात, कोणी प्रतीक्षानगरात, कोणी अँटॉप हिलला. नोकरी कोणाची महापालिकेत, कोणाची बेस्टमध्ये, कोणाची गोदीत. परंतु गावच्या सातबाऱ्यावर आपले नाहीतर वडिलांचे नाव आहे, घराभोवती दहा-वीस माड आणि चार आंबे आहेत, आणि मे महिन्यात गावी गेल्यावर घर शाकारण्यापासून गडगा रचण्यापर्यंतची कामे आपणच करता. तेव्हा मी आपल्याला शेतकरीच म्हणणार. आज शेजारची कोळी मंडळीही आवर्जून आली आहेत. त्यांच्या दारातली खाडी गेली, तरी डोक्यावरची पाटी अजून गेलेली नाही. त्यामुळे विषय त्यांचाही आहे.

मी कृषिविद्या शिकवते. मी डॉक्टर नाही, आणि वय पस्तीस. पस्तिशीच्या बाईने साठीच्या माणसांना म्हातारपणाबद्दल सांगावे हे विचित्रच. पण हा विषय आमच्या घरात घडला आहे, म्हणून सांगते.

पाच वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझे वडील शाकारणीसाठी छपरावर चढले. वय ६४. दरवर्षी चढत, त्यामुळे कोणी अडवले नाही. पडवीवरच्या पाख्याची एक रीप वाळवीने आतून पोखरलेली होती. वरून ती शाबूत दिसे. बाबांनी तिच्यावर पाय दिला आणि ते कौलांसकट खाली पडवीत आले. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून त्यांना उभे केले आणि घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले, रोज चालवा. आम्ही मात्र घरी आणून त्यांना कॉटवर निजवले. पाणी हातात, जेवण हातात. मी दर आठवड्याला दापोलीहून फोन करून विचारी, "बाबा, उठला नाहीत ना?" याला आम्ही सेवा समजत होतो. दिवाळीपर्यंत हाड जुळले होते, पण बाबांना खुर्चीतून हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नव्हते. मांड्या काठीसारख्या झाल्या होत्या.

असे का होते, हे मला नंतर वाचून कळले. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साधारण ६७ वर्षे वयाच्या निरोगी माणसांना फक्त १० दिवस बिछान्यावर ठेवले होते. तेवढ्यात पायांतील जवळजवळ एक किलो मांसल भाग कमी झाला. ही माणसे आजारी नव्हती, पडलेली नव्हती, नुसती झोपून होती. आम्ही तर बाबांना पाच महिने झोपवले.

त्यांना उठवले आईने. सुपारी सोलायचे दिवस आले तेव्हा तिने सांगितले, "बसून सोला." ते बसले. पण सुपारीची टोपली ती मागच्या पडवीत ठेवी आणि सोललेली सुपारी माजघरात नेऊन टाकायला सांगे. दर अर्ध्या तासाने त्यांना उठावेच लागे. मी रागावले, तर म्हणाली, "तू तुझी शेती शिकव." शिमग्यापर्यंत बाबा विहिरीपर्यंत चालू लागले. आज ते ६९ वर्षांचे आहेत. छपरावर चढत नाहीत. बाकी बहुतेक सगळे करतात.

म्हणजे आमच्या घरी चुका दोन झाल्या. चौसष्टाव्या वर्षी काम पंचविशीतल्यासारखेच ठेवले, ही पहिली. पडल्यावर कामच काढून घेतले, ही दुसरी. कामातली उंची काढावी, ओझे काढावे, ऊन आणि घाई काढावी. काम काढू नये. मला आज मुख्यतः एवढेच सांगायचे आहे. पुढे तपशील आहेत.

साधारणपणे तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचे प्रमाण ३ ते ८ टक्के घटत जाते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. म्हणजे या हिशेबात मीही आहे. पण ही घट नुसत्या वयाची नसते, न वापरण्याचीही असते. १९९० साली बॉस्टन येथे नव्वदीच्या घरातल्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होते, तर साठीत का होऊ नये?

ताकदीच्या आधी बहुधा जातो तो तोल. मघाशी मी सर्वांना एका पायावर दहा सेकंद उभे केले, तेव्हा बराच हशा झाला. चाळिशीतले दोघे गृहस्थ शेजारच्याच्या खांद्यावर गेले, आणि मासे विकणाऱ्या आजी पंधरा सेकंद खांबासारख्या उभ्या राहिल्या. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वर्षांच्या १७०२ लोकांची हीच परीक्षा घेतली होती. निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. सुमारे पाचातला एक नापास झाला, आणि नापास झालेल्यांत पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण बरेच अधिक आढळले. यावरून घाबरू नये. पण जो जमिनीवर दहा सेकंद एका पायावर राहू शकत नाही, त्याने शिडीवर चढू नये, एवढा नियम आपल्या घरात आजपासून करावा. ही परीक्षा भिंतीजवळ, कोणी शेजारी असताना घ्यावी.

आता चाकरमान्यांचा खास धोका. गावी बारा महिने राहणारा शेतकरी रोज थोडे थोडे राबतो. त्याच्या अंगाला सवय असते. आपण अकरा महिने खुर्चीवर, गाडीत किंवा केबिनमध्ये बसता आणि मेच्या दहा दिवसांत वर्षभराचे काम उरकता. त्यात गावी जाऊन आपण पंचविशीतलेच आहोत असे वाटते, हा मोठा घोटाळा आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर परळ-लालबागचे कितीतरी कामगार कायमचे गावी गेले. साच्यावर उभे राहणारी माणसे नांगरामागे लागली. तेव्हा तिशीत असलेले आज सत्तरी ओलांडून गेले आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या घराला आजही कौलेच आहेत. आता तुमच्यातले निवृत्त त्यांच्या वाटेने निघाले आहेत, फक्त तिशीऐवजी साठीत.

यावर उपाय येथेच, कोळीवाड्यात सुरू करावा लागतो. शिमग्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आठ-नऊ आठवडे मिळतात. बॉस्टनच्या त्या वृद्धांनाही आठच आठवडे लागले. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता उठावे आणि सावकाश बसावे. पहिल्या आठवड्यात पाच-पाच वेळा, पुढे दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. दोन्ही हातांत पाणी भरलेले दोन-दोन लिटरचे कॅन घेऊन घरात फेऱ्या माराव्यात आणि दर पंधरवड्याला पाणी थोडे वाढवावे. दात घासताना ओट्याजवळ एका पायावर उभे राहावे. जिना चढावा. ज्यांना हृदयविकार, रक्तदाब, हर्निया किंवा गुडघ्याचा जुना त्रास आहे त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले, डाव्या हाताला कळ आली किंवा चक्कर आली तर लगेच थांबून दवाखाना गाठावा.

या मेहनतीला खाण्याची जोड पाहिजे. वय झाले की आपल्याकडे माणूस पेज, चहा आणि दोन बिस्किटांवर येतो. स्नायू त्यावर बनत नाहीत. कुळीथ, मूग, दूध, अंडी, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात असावे. सुकटीत प्रथिने भरपूर असतात, हे कोळीवाड्यात सांगायला नको. मात्र रक्तदाब असल्यास मिठाचे सुके मासे बेताने खावेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने किती घ्यावीत हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

शिडी आणि छप्पर यांवर जरा थांबते, कारण सर्वांत मोठे नुकसान येथे होते. जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि जीवघेणे पडणे साठीपुढच्यांत सर्वाधिक असते. साठीपुढच्या माणसाने छपरावर चढू नये, असे मी स्पष्टच सांगते. पण शाकारणी त्यानेच करवून घ्यावी. कोणते नळे तडकले, पाणी कोठे गळते, कोणत्या वाशाला मागच्या वर्षी जोड दिला हे त्यालाच माहीत असते. माळ्यावर तरुणाला पाठवून प्रत्येक रीप आतून पेचकसाने टोचून पाहावी. पेचकस सहज आत गेला तर रीप वाळवीची समजावी, वरून ती कितीही चांगली दिसो. हे टोचणे आम्ही केले असते, तर बाबा पडले नसते. मंगलोरी कौल दोन-अडीच किलोचे असते. कौले निवडणे, घासणे, हातात देणे ही सावलीतली कामे वडीलधाऱ्यांनी खाली बसून करावीत. सिमेंटच्या पत्र्यावर तर कोणत्याही वयाच्या माणसाने थेट पाय ठेवू नये. जुना पत्रा सूचना न देता फुटतो. खालच्या लोखंडी पट्ट्यांच्या आधाराने आडवी फळी टाकून तिच्यावरूनच सरकावे. येथे पावसाळ्याआधी पत्र्यावर ताडपत्री घालून वर विटा ठेवण्याचे काम दरवर्षी होते, त्यालाही हेच लागू आहे.

शिडी चार फूट उंच टेकवायची तर पाया भिंतीपासून एक फूट लांब असावा. बारा फुटांना तीन फूट. वळचणीच्या वर ती तीन फूट निघालेली असावी, वरचे टोक दोरीने बांधावे आणि खाली एकाने धरावी. लोखंडी शिडी विजेच्या तारेजवळ नेऊ नये. दोन भिंगांचा चष्मा घालून शिडी किंवा जिना उतरू नये, कारण खाली पाहताना वाचण्याच्या भिंगातून पायरी पुसट दिसते. दूरच्या नजरेचा साधा चष्मा वेगळा ठेवावा. रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या तक्रारीवरील काही गोळ्यांनी झटकन उठताना भोवळ येते. अशा गोळ्या चालू असतील तर ओणव्याने काम करून एकदम उभे राहू नये.

कोळीवाड्यातल्या घरांत मला एक गोष्ट दिसली ती सांगून टाकते. पोटमाळ्यावर जायची लोखंडी शिडी जवळजवळ उभी असते, पायऱ्या अरुंद, धरायला काही नाही. साठीची माणसे रात्री लघवीला तिच्यावरून उतरतात. गावच्या छपरापेक्षा ही शिडी मला अधिक भयंकर वाटते, कारण छपरावर वर्षातून एकदा चढतात आणि हिच्यावर रोज. घरातल्या वडील माणसाची झोपण्याची जागा खाली करावी. जागाच नसेल तर दोन्ही बाजूंना नळीचा कठडा वेल्डिंग करून घ्यावा, पायऱ्यांवर खरखरीत पट्टी लावावी आणि दिव्याचे बटण खाली व वर दोन्हीकडे ठेवावे. मघाच्या आजी म्हणाल्या, "कठड्याला जागा कोण देतो, बाई?" त्यांचे खरे आहे. अशा ठिकाणी निदान दोर तरी घट्ट बांधावा, आणि रात्री खाली उतरावेच लागू नये अशी सोय वरच करावी.

ओझ्याविषयी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुष कामगाराने नेहमी वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सुचवली. अमेरिकेतील कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेच्या १९९१ च्या सूत्रात, सर्व गोष्टी अनुकूल असतानाही, २३ किलोपेक्षा अधिक वजन उचलणे योग्य धरलेले नाही. हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा, आणि साठीनंतर त्याच्या निम्म्यावर यावे. हे निम्मे माझे मत आहे, पण ते पाळून कोणाचे नुकसान होणार नाही. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली. ती आपल्या कमरेसाठी नव्हे, खताचा वापर कमी व्हावा म्हणून. तरी ४५ किलोही साठीच्या माणसाला जास्तच. गोणी गाडीतून उतरवताच फोडून तीन-चार घमेल्यांत किंवा पिशव्यांत वाटावी आणि चाकाच्या हातगाडीने न्यावी. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप भरल्यावर २० किलोच्या पुढे जातो. त्यात दहाच लिटर भरावे. दोन खेपा जास्त होतील, होऊ द्याव्यात. कमरेवर एका बाजूला हंडा घेण्यापेक्षा दोन हातांत दोन लहान कळश्या बऱ्या. चुंबळीवरचे ओझे कोळणी वर्षानुवर्षे तोलाने नेतात, परंतु मानेचे मणके त्याची किंमत मोजतात. पाटी डोक्यावर चढवताना व उतरवताना दुसऱ्याचा हात घ्यावाच.

उन्हाची गोष्ट थोडक्यात सांगते, पण ती हलकी नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम भर उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ माणसे दगावली. ती माणसे काम करत नव्हती, बसलेली होती. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. आणि वय वाढल्यावर तहान उशिरा लागते. सकाळी सहा ते दहा आणि साडेचारनंतर काम करावे. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी उन्हात कामच करू नये.

आता माझ्या विषयाकडे येते. म्हातारपणाची तयारी चाळिशीत झाडावर करायची असते. हे आपण विसरतो. चाळिसाव्या वर्षी लावलेला बाणवली माड आपल्या साठीत भरघोस नारळ देतो, आणि त्याच सुमारास तो आपल्या आवाक्याबाहेर गेलेला असतो. आंब्याचेही तसेच. जुन्या हापूसच्या कलमांना छाटणी नाही, त्यामुळे फळ चाळीस फुटांवर आणि मालक खाली. गावी माड चढणारा गडी आज मिळत नाही, मिळाला तर त्याच्या वेळेने येतो. मग साठीचा मालक स्वतः चढतो, नाहीतर तिथेच राहून मुंबईला फोन करतो.

म्हणून नवीन लागवड करताना आपले पंधरा-वीस वर्षांनंतरचे वय डोळ्यांपुढे ठेवावे. घराजवळ चौघाट ऑरेंज ड्वार्फसारखे ठेंगू माड लावावेत. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून ते फळाला येतात, शहाळ्याला उत्तम असतात आणि बरीच वर्षे उभ्याने काढता येतात. खोबऱ्यासाठी उंच व ठेंगू यांचे संकरित वाण आहेत; रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात रोपांची चौकशी करावी. आंब्याची नवी कलमे जवळ लावून दरवर्षी काढणीनंतर छाटावीत. जुन्या झाडांचा मधला सरळ फांटा तज्ज्ञाच्या सल्ल्याने काढून ती टप्प्याटप्प्याने खाली आणावीत. दोन-तीन हंगाम फळ कमी मिळेल, ते सोसावे. मिरीचे वेल माडावर तीस फूट चढू देण्यापेक्षा दहा-बारा फुटांवर थोपवावेत. झुडूप मिरी तर कुंडीतही येते, अगदी येथे कोळीवाड्यातल्या खिडकीतही.

आंब्यासाठी आमच्या विद्यापीठाचा नूतन झेला आहे. जमिनीवर उभे राहून देठासह फळ निघते, फळ आपटत नाही आणि माणूसही. भाताच्या कापणीला दातेरी वैभव विळा वापरला तर मनगटावर ताण कमी येतो. बेण्याला शक्य तेथे सायकल कोळपे चालवावे म्हणजे तासन्‌तास उकिडवे बसावे लागत नाही. नारळ सोलायला केरळ कृषी विद्यापीठाने तयार केलेले 'केरमित्र' हे तरफेचे साधन आता बाजारात मिळते. सुळ्यावर सोलताना सगळे अंग झोकून द्यावे लागते, हात निसटला तर जखम ठरलेली. तरफेच्या साधनावर उभ्याने सोलता येते. बाबांना मी हे आणून दिले तेव्हा त्यांनी ते महिनाभर कोपऱ्यात ठेवले. "हे बायकांचे," म्हणाले. नंतर एका दुपारी मी पाहिले, शंभर नारळांचा ढीग सोलून ठेवला होता आणि साधन पुन्हा कोपऱ्यात. मी काही बोलले नाही.

शेवटी यंदाच्या शाकारणीचे. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो असे धरतात. २०२५ साली तो २६ मे रोजीच येऊन ठेपला, आणि अर्ध्या उघड्या छपरांवर गावोगाव जी धावपळ उडाली ती आपण पाहिलीत. घाईत चढणारा माणूस रीप टोचून पाहत नाही. म्हणून रजा मेच्या शेवटच्या आठवड्याची न टाकता पहिल्या पंधरवड्याची टाकावी. गावातल्या दोन-तीन तरुणांना आत्ताच फोन करून दिवस बांधून घ्यावेत आणि मजुरीत घासाघीस करू नये. चार घरांनी मिळून एक चांगली शिडी आणि दोन लांब फळ्या घेतल्या तर सर्वांचे काम भागते. घरातल्या वडिलांना खाली अंगणात, सावलीत, कौलांच्या ढिगाजवळ खुर्ची द्यावी. खुर्ची हाताची नसावी, आणि पाण्याचा तांब्या तिच्यापासून दहा पावलांवर ठेवावा.